सतराव्या कुंडीवर

शोकसभेत कोण बोलणार याची यादी अरविंदनं केली होती, आणि तिच्यात गोटू बेलदाराचं नाव नव्हतं. तरी शेवटचे वक्ते खाली बसले तसा तो मागच्या रांगेतून उठला, काठी टेकत मधोमध आला आणि अध्यक्षांना हात जोडून म्हणाला, "मले बी दोन शब्द बोलू द्या साहेब. तेवीस साल त्यायच्या हाताखाली काढले."

बायकांच्या सतरंजीवर पहिल्याच रांगेत बसलेल्या मनकर्णेला बरं वाटलं. बाबांना जाऊन चौदा दिवस झाले होते. चौदा दिवसांत लोकांनी बाबांविषयी पुष्कळ सांगितलं, पण ज्यांनी त्यांना चिखलात उभं राहिलेलं पाहिलं होतं अशांपैकी कुणी बोललं नव्हतं.

शाळेचं आवार भरलेलं होतं. टेबलावर हार घातलेली बाबांची तसबीर होती, पलटणीच्या गणवेशातली, छातीवर तीन बिल्ले. जुने हेडमास्तर अर्धा तास बोलले होते. निंबोल्याच्या केळीवाल्या घरातलं हे पोर. आधीची चार भावंडं दगावली म्हणून जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उखर्डू. विसाव्या वर्षी घरात न सांगता खडकीला गेला आणि सफरमैनात भरती झाला, पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग खणणाऱ्या पलटणीत. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या पुढे, गोळ्यांच्या पावसात, नदीवर होड्यांचा पूल टाकला. हवालदार होऊन, एक कान गमावून परत आला. मग नगरपालिकेच्या पाणीखात्यात दरोगा झाला आणि डोंगरापासून गावापर्यंत जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या कुंड्यांची, म्हणजे भुयारात उतरणाऱ्या विहिरींची, लाइन त्यानं निवृत्त होईपर्यंत सांभाळली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित गावात आले तेव्हा एकोणसत्तराव्या वर्षी, पेन्शनीत असताना, हा माणूस त्यांच्या छावणीला पाणी मिळावं म्हणून पुन्हा भुयारात उतरला. तीन दिवसांनी, एक नोव्हेंबरला, नवा मध्य प्रदेश होईल, राजधानी नागपूरहून भोपाळला जाईल, पण बुऱ्हाणपूर हवालदारसाहेबांना विसरणार नाही, असं म्हणून हेडमास्तर बसले होते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत ठराव व्हायचा होता. नव्या पाण्याच्या टाकीला हवालदार उखर्डू महाजन यांचं नाव द्यायचं. हे सगळं मनकर्णेच्या धाकट्या भावानं, अरविंदनं जुळवून आणलं होतं. तो नागपूरच्या सचिवालयात कारकून होता आणि त्याच्या हातात भोपाळच्या बदलीचा हुकूम पडलेला होता. प्रांत बदलला की कुठलं टेबल कुठं जाईल सांगता येत नाही, म्हणून महिना संपायच्या आत सगळं पार पाडायची त्याला घाई होती.

"मी अंगठाछाप मानूस," गोटू म्हणाला. "लढाईचं मले ठावं नाही. मी एकच गोष्ट सांगतो. साहेब व्हते तवर त्यायनं ती कोनाले बोलू दिली नाही. डोळ्यानं पाह्यलेली. पंचवीस साल झाले. चैत म्हयना व्हता. लाइन तीन दिवस बंद. गावात थेंब नाही, बाया घागरी घेऊन साहेबाच्या दारात बसलेल्या. सतराव्या कुंडीखाली भुयार ढासळलं व्हतं, ते मोकळं करनं व्हतं."

मनकर्णेनं मान खाली घातली. तो दिवस तिचा होता. गावात सगळ्यांना ठाऊक होता. तिचा नवरा चुडामण, पाणीखात्यातच कामाला असलेला, सकाळी कुणाला न विचारता सतराव्या कुंडीत उतरला आणि खालच्या कुंद हवेनं गुदमरून मेला. बाबा तेव्हा बाराव्या कुंडीवर होते. ते धावत आले, तोंडाला ओलं फडकं बांधून स्वतः खाली गेले आणि जावयाचं प्रेत खांद्यावर घेऊन वर आले. नंतर महिनाभर त्यांचा आवाज बसला होता. प्रकाश तेव्हा तिच्या पोटात होता, सातवा महिना.

"साहेबानं दोराला कंदील बांधून खाली सोडला," गोटू सांगत होता. "अर्ध्यात गेला आनि विझला. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला. प्रभाकरभाऊ उतरनार व्हते, त्यायच्या कमरेले दोर बांधून झाला व्हता. साहेबानं त्यायच्याकडं पाह्यलं. मग आपल्या हातानं तो दोर सोडला आनि जावईबापूच्या कमरेले बांधला. चुडामणभाऊच्या. मी बाजूलेच उभा व्हतो. जावई म्हनजे काय असते, तुमी जानता. लेकीचं कुंकू. ते गावासाठी देऊन टाकलं त्या मानसानं. दगड हलला, आनि त्याच सांजेले गावात पानी आलं. अशी छाती कोनाची हाय, सांगा."

त्यानं डोळे पुसले. मग कुणीतरी टाळी वाजवली, शोकसभा आहे हे आठवून थांबला, पण तोवर दुसऱ्यांनी सुरू केली होती. शेजारच्या बाईनं मनकर्णेच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, "धन्य गं बाई तुझा बाप."

मनकर्णेला तो हात जाणवला, पण आपली पाठ जाणवली नाही. समोर पुरुषांच्या रांगेत तिचा थोरला भाऊ बसला होता. प्रभाकर. एकोणपन्नास वर्षांचा, केस पांढरे झालेले. तो टाळ्या वाजवत नव्हता. तो गोटूकडेही पाहत नव्हता. तो आपल्या दोन्ही तळहातांकडे पाहत होता.

अध्यक्षांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळं आवार उठलं. मनकर्णा उठली नाही. तिला उठायचं नव्हतं असं नाही, तिच्या ते लक्षातच आलं नाही. तिच्याभोवती लुगड्यांचे काठ उभे राहिले आणि त्यांच्यामध्ये ती एकटी बसून राहिली, आणि सगळ्या गावानं ते पाहिलं.

*

घरी आल्यावर तिनं पाय धुतले नाहीत. तशीच मधल्या खोलीत गेली. माय, मालूबाई, चटईवर भिंतीला टेकून बसली होती. कपाळ अजून ओळखीचं वाटत नव्हतं.

"माय," मनकर्णा म्हणाली, "त्या दिवशी दोर कुणाच्या कमरेला होता?"

मालूबाईनं कुठल्या दिवशी असं विचारलं नाही. लेकीकडे पाहिलं आणि नजर दाराकडे वळवली. दारातून तिचे दोघे मुलगे आत येत होते.

"गोटू म्हातारा झालाय अक्का," अरविंद चपला काढता काढता म्हणाला. "डोकं ठिकाणावर नाही त्याचं. पंचवीस वर्षांपूर्वीचं काय याद राहणार त्याला. भाऊ, तू सांग ना हिला. तू तिथं होतास."

प्रभाकर टोपी खुंटीला अडकवत होता. अडकवून झाली तरी त्यानं हात काढला नाही.

"माझ्या कमरेला होता," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

अरविंद दारातच थांबला. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता, मोठ्यांनी जे सांगितलं ते त्यानं जन्मभर खरं धरलं होतं.

"बाबा बाराव्या कुंडीवर होते ना?" मनकर्णेनं विचारलं.

"नव्हते. सतराव्यावरच होते. पहाटेपासून." प्रभाकर वळला. "दिवा दोनदा विझला. बाबा म्हणाले, तिसऱ्यांदा नको, वेळ जातो. भराभर उतरून, दगड हलवून वर यायचं. माझी पाळी होती. मी तयार होतो मनू, बिलकुल तयार होतो. मग ते माझ्याजवळ आले. काही बोलले नाहीत. गाठ सोडायला लागले. गाठ ओली होती, सुटत नव्हती." तो थांबला. "मी हात वर केले."

"म्हणजे?"

"दोन्ही हात वर केले. त्यांना गाठ सोडायला सोपं जावं म्हणून. असे."

आणि त्यानं खरोखरच हात वर केले. मधल्या खोलीत, मायच्या समोर, पांढऱ्या केसांचा तो माणूस दोन्ही हात डोक्यावर धरून उभा राहिला, आणि खाली घ्यायचं त्याला सुचेना. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको कोकिळा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती पुढे झाली, तांब्या खाली ठेवला आणि त्याचे हात धरून खाली आणले.

मनकर्णा खाली बसली. तिच्या मनात बाबा येत होते, आणि जे जे येत होतं ते हातात घेतलं की उलटं होत होतं. तिचं केशवपन करा म्हणून भाऊबंद आले तेव्हा बाबांनी त्यांना ओट्यावरूनच वाटेला लावलं होतं. पाटीवर तिला अक्षरं शिकवली, रोज दुपारी, पलटणीतल्यासारखी शिस्तीनं. प्रकाशला खांद्यावर घेऊन राजघाटावर नेलं, कॉलेजात घातलं. गेल्या पावसाळ्यात ताप चढला असताना ते तिचा हात धरून सारखे म्हणत होते, मनू, तुला काही कमी पडू दिलं का मी. तिनं किती वेळा सांगितलं होतं, नाही बाबा, काही नाही. आणि ते पुन्हा विचारत होते.

"खाली दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही," ती म्हणाली. "हे तर ते आम्हाला लहानपणी सांगायचे. सुरुंगात शिकलो म्हणायचे."

"त्याच दिवशी सांगितलं त्यायनं मले," मालूबाई बोलू लागली. आवाज अगदी साधा होता. "म्हने, मालू, माझा हात पोराच्या दोराकडं गेला. कधी गेला मले कळलंच नाही. आनि एकदा सोडल्यावर त्या सगळ्या लोकायसमोर परत कसा बांधनार. चुडामण समोर उभा व्हता फावडं घेऊन."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हननार. माझं पोर घरी आलं व्हतं." मालूबाईनं पदर तोंडापर्यंत नेला आणि तिथंच धरला. "देवापुढं साखर ठेवली मी. तुले खोटं कायले सांगू. आधी साखर ठेवली, आनि मंग तुझ्या बांगड्या फोडायले बसली."

अरविंद येऊन मनकर्णेच्या शेजारी बसला, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला खरंच ठाऊक नव्हतं अक्का. मला हे ठाऊक असतं तर मी हा टाकीचा खटाटोप केला नसता. भाऊ, तू कसा राहिलास रे या घरात? हिच्या हातचं रोज जेवलास."

"जेवलो," प्रभाकर म्हणाला.

"देडतलाईला काय सांगितलं होतं?" मनकर्णेनं विचारलं. देडतलाई तिचं सासर. सासूबाई, सोजरबाई, अजून तिथंच होत्या. चुडामणच्या दहाव्याला त्या आल्या, मोठमोठ्यानं भांडल्या, तिच्या बाळंतपणालाही थांबल्या नाहीत, आणि पुन्हा या दारात आल्या नाहीत. माणूस दुःखानं बहकलाय, असं बाबा म्हणाले होते.

"तेच सांगितलं. पोरगा हट्टी, कोनाचं ऐकलं नाही, एकलाच उतरला," मालूबाई म्हणाली.

मनकर्णेला आता पहिल्यांदा रडू आलं, आणि ते बाबांसाठी नव्हतं. पंचवीस वर्षं ती नवऱ्यावर रागावलेली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. वटपौर्णिमेला शेजारणी वडाकडे जात तेव्हा ती घरात बसून त्याला मनातल्या मनात बोलायची. पोटात तुझं मूल होतं, आणि तुला कुणाला विचारावंसं वाटलं नाही. एवढी कसली घाई होती. मला विचारून तरी जायचंस. लग्नाला तीन वर्षं झालेल्या, मिसरूड नुकतंच भरलेल्या त्या पोराला तिनं एवढी वर्षं दोष दिला, आणि तो बिचारा फावडं घेऊन फक्त उभा होता.

अरविंदनं तिला रडू दिलं. थोड्या वेळानं खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, आता हे बघ. जे झालं ते वाईट झालं. मगर आता बाहेर कुणाला काही बोलू नको. लोकांनी ते चांगल्या अर्थानं घेतलंय. प्रकाशला तर मुळीच नको. आजोबा म्हणजे त्याचा देव आहे. काय मिळेल त्याला हे कळून?"

मघाशी गुडघ्यावर ठेवलेला तोच हात होता. मनकर्णेनं तो उचलून बाजूला ठेवला.

"त्यांना बोलू द्या भाऊजी," कोकिळा म्हणाली. एवढ्या वर्षांत ती दिरासमोर फारसं बोलली नव्हती. "आज मी काय तोंडानं बोलू खरं तर. नणंदबाई, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. यांना झोपेत हात वर करायची सवय होती, म्हणून विचारलं. त्या दिवशी दोर सुटला म्हणून माझा संसार झाला, माझी तीन मुलं झाली. मी गप्प राहिले. तुमच्या ताटात आधी वाढायचं, एवढंच करत राहिले. पण आता नणंदबाईंना गप्प बसायला सांगू नका कुणी."

*

प्रकाश दिवेलागणीला आला. तो खकनारच्या शाळेत मास्तर होता, शाळेची तपासणी होती म्हणून सभेला पोचला नव्हता. मोटार स्टँडपासून तो जवळजवळ पळत आला असावा. चेहरा घामानं भिजलेला आणि उजळलेला.

"आई," तो दारातूनच म्हणाला, "मला कुणी कधी सांगितलं का नाही? स्टँडवर चार माणसांनी अडवून माझे हात हातात घेतले. म्हणे तुमच्या वडिलांनी गावासाठी प्राण दिले. मला वाटायचं, कुणाला न विचारता उतरले, चूक झाली असेल. शाळेत असताना पोरं चिडवायची, तुझा बाप मूर्खासारखा मेला म्हणून. आणि खरं हे होतं?"

तो हसत होता. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर बापाविषयीचा असा अभिमान मनकर्णा पहिल्यांदा पाहत होती. अरविंदनं तिच्याकडे पाहिलं. मायनं पाहिलं. एक शब्दही बोलायला नको होता. नुसती मान हलवली असती तरी मुलाला बाप मिळाला असता, टाकीला नाव मिळालं असतं, आणि घर होतं तसं राहिलं असतं.

"बस," ती म्हणाली. "पाणी पी. तुझे वडील गेले नाहीत प्रकाश. त्यांना पाठवलं."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. प्रभाकर येऊन भाच्यासमोर मांडी घालून बसला आणि दिव्यापासून दोरापर्यंत सगळं सांगितलं. हात कसे वर केले तेही सांगितलं. मनकर्णेला जे तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं ते त्या मुलाला एका दमात कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, ते तिथंच राहिलं आणि त्याच्या आतून माणूस निघून गेला.

"वडिलांनी दिवा विझलेला पाहिला होता?" त्यानं विचारलं.

"पाहिला. दोन्ही वेळा."

"मग ते नाही का म्हणाले नाहीत?"

"बाबांना नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. त्यात तो जावई. बाबांनीच नोकरीला लावलेला." प्रभाकरनं खाली पाहिलं. "खाली उतरताना एवढंच म्हणाला, भाऊ, दोर ढिला सोडू नका."

बाहेरून कुणीतरी कडी वाजवली. नगरपालिकेचा शिपाई होता. ठरावाचा मसुदा आणला होता, घरच्यांच्या संमतीच्या सह्या हव्या होत्या. उद्या दुपारी बैठक, म्हणून साहेबांनी आत्ताच घेऊन यायला सांगितलं होतं. अरविंदनं कागद घेतला, वाचला आणि घडी घालू लागला.

"दे इकडे," मनकर्णा म्हणाली.

"अक्का, ते कायदेशीर भाषेत आहे."

"मला वाचता येतं. बाबांनी शिकवलंय."

तिनं कंदिलाजवळ धरून कागद वाचला. पलटणीतली सेवा होती, बिल्ले होते, पाणीखात्यातली वर्षं होती, निर्वासितांची छावणी होती. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मग शाई अजून ताजी असलेली एक ओळ होती, सभेनंतर घातलेली: 'ज्यांनी या नगराच्या तहानेसाठी आपल्या प्रत्यक्ष जामाताचाही त्याग केला.'

"टाक द्या," ती शिपायाला म्हणाली.

त्यानं खिशातला टाक आणि शाईची दौत पुढे केली. मनकर्णेनं त्या ओळीवर एक रेघ मारली, सरळ, सावकाश. मग समासात आपल्या गोल अक्षरांत लिहिलं आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, मायलाही ऐकू जावं म्हणून: "चुडामण, राहणार देडतलाई, वय चोवीस. सतराव्या कुंडीत कामावर असताना मेला. दिवा विझला होता. त्याला खाली पाठवण्यात आलं."

"बाई, असं चालायचं नाही," शिपाई घाबरून म्हणाला. "ठरावात असं कुणी लिहीत नाही."

"टाकीला बाबांचं नाव द्या. पाणी त्यांनीच आणलं, ते खरं आहे. पण हा माणूस त्यांचा नव्हता, देऊन टाकायला. हे लिहायचं नसेल तर माझी सही नाही."

"अक्का, तू बाबांची सगळी जिंदगी एका दिवसावर तोलते आहेस," अरविंद म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. तो रागानं बोलत नव्हता.

"नाही रे. त्यांच्या सत्त्याहत्तर वर्षांत तो एक दिवस होता, तो लोकांनी काढून टाकला होता. मी परत ठेवते आहे."

प्रभाकरनं तिच्या हातातून टाक घेतला. तिच्या अक्षरांखाली त्यानं लिहिलं, 'मी तिथे हजर होतो,' आणि सही केली. मग कोकिळेनं दिवा जरा वर उचलून धरला, शाई वाळेपर्यंत. मनकर्णेनं भावाकडे पाहिलं नाही. ते इतक्या लवकर होण्यासारखं नव्हतं, आणि त्यालाही ते कळत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या मोटारीनं ती प्रकाशला घेऊन देडतलाईला गेली. निघताना मायनं विचारलं, "परत येशील ना?" मनकर्णा म्हणाली, "बघते." एवढंच.

खकनारच्या पुढे सडक कच्ची होती. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. प्रकाश वाटभरात एकदाच म्हणाला, "मला आजोबांचा राग येत नाही आई. येतच नाही. याचीच भीती वाटते." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. तिचंही तसंच काहीसं होतं. काल दुपारपासून तिला काय वाटत होतं त्याला नावच नव्हतं. मोटारीच्या खडखडाटात ती नुसती बसून होती आणि अंगातलं काहीतरी अजूनही त्या सभेतच खाली बसलेलं होतं, सगळे उभे असताना.

सोजरबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, डोळे दुधाळलेले. शेजारच्या बाईनं, बुऱ्हाणपूरची सून आली आहे, म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी सूप बाजूला सारलं नाही.

"कोनती सून," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेले तिच्या बापानं ठेवून घेतलं."

मनकर्णा त्यांच्यासमोर मातीतच बसली. प्रकाश मागे उभा राहिला.

"मी मनकर्णा आहे आत्याबाई. हा प्रकाश, तुमचा नातू. बाबा वारले. मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला आले. मलाही कालच कळली." तिनं वाटेत शब्द जुळवून ठेवले होते. त्यांतला एकही आठवला नाही. "ते आपणहून उतरले नव्हते. त्यांना उतरवलं होतं."

सोजरबाईंचे हात थांबले. मग त्यांनी हात पुढे केला, हवेतच चाचपडत, आणि प्रकाश खाली वाकला तसा तो त्याच्या तोंडावर फिरवला, कपाळावरून हनुवटीपर्यंत.

"मी दहाव्याच्या दिवशीच सांगत व्हती तुझ्या बापाले," त्या म्हणाल्या. "भर अंगनात उभी राहून सांगितलं. म्हनलं, हवालदार, माझं पोर आपनहून उतरायचं नाही. ते लहानपनी हिरीत पडलं व्हतं, बाहेर काढलं तवा काळंनिळं झालं व्हतं. तवापासून हिरीत वाकून बी पाहत नव्हतं. पानी मी शेंदायची, ते दूर उभं राह्याचं. तुमच्या लाइनीवर बी वरवरचं काम करतो म्हने, खाली जात नाही. कोनी ऐकलं नाही माझं. म्हने, म्हातारी बहकली."

तीन वर्षांच्या संसारात हे चुडामणनं मनकर्णेला सांगितलं नव्हतं. सासऱ्याच्या घरी, पाणीखात्यात, कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुले बी नाही सांगितलं त्यानं," सोजरबाई म्हणाल्या. त्यांचा हात अजून नातवाच्या गालावर होता. "लाजला असेल. बापाच्या घरी मोठी मानसं तुझी, लढाईवाली."